वॉकीटॉकी ‘अनलॉक’ केली म्हणून सांगलीहून कोल्हापूर लागत नाही

पावसाळा तोंडावर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं याच्या गप्पा सुरू झाल्या, की आमच्याकडे मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘पुरात मोबाईल बंद पडतात. स्वस्तातली चायनीज वॉकीटॉकी घ्या, केबल लावून सॉफ्टवेअरने तिची रेंज अनलॉक करा. सांगली ते कोल्हापूर आरामात बोला. पोलीस, अग्निशमन, विमान सगळं ऐका. प्रायव्हसी कोड टाकला की आपलं कोणी ऐकत नाही. लायसन लागत नाही, आणि संकटात कायदा कोण बघतो?’

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा सांगलीच्या गावभागात जे अडकले होते, त्यांना फोन न लागणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पण या मेसेजवर विसंबून कोणी पुरात उतरणार असेल, तर आधी त्यातलं एकेक वाक्य तपासून घेतलेलं बरं.

‘अनलॉक केलं की सांगली ते कोल्हापूर.’

सगळ्यात मोठा घोटाळा इथे आहे. सॉफ्टवेअरमधून जी मर्यादा सरकवतात ती फ्रिक्वेन्सीची. बाओफेंग या चायनीज कंपनीचा यूव्ही-५आर घ्या, घरोघरी दिसतो तो हाच. व्हीएचएफ या खालच्या भागात १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि यूएचएफ या वरच्या भागात ४०० पासून वर, एवढा त्याचा पट्टा. चर्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते आकडे बदलता येतात, खरं आहे. पण त्याने सेटची चार-पाच वॅटची ताकद वाढत नाही, आणि आवाज एक फर्लांगही पुढे जात नाही.

या पट्ट्यांतल्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. किती लांब जातील याचा ढोबळ हिशोब असा: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर. हातात सेट धरून उभा माणूस म्हणजे दीड मीटर, म्हणजे पाच किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असला तर दोघांचे मिळून दहा. तेही मोकळ्या माळावर, मध्ये काही नसताना. गावभागाच्या बोळात उभं राहून विश्रामबागेतल्या माणसाशी बोलू पाहिलं की मधल्या इमारती त्यातले निम्मे-अधिक खाऊन टाकतात. पलीकडच्या गावात भिजलेला उभा ऊस आडवा आला तर यूएचएफची आणखी वाट लागते.

मग ‘आम्ही लांब बोललो की’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांच्यातला एक जण बहुतेक दंडोबाच्या नाहीतर जोतिबाच्या डोंगरावर उभा असतो. आसपासच्या सपाटीपेक्षा दोनशे मीटर उंच गेलात तर याच हिशोबाने साठ किलोमीटर जवळ येतात, मध्ये दुसरा डोंगर नसला म्हणजे झालं. ही करामत डोंगराची. अनलॉक न केलेला सेटसुद्धा तिथून तेवढाच बोलतो.

पट्ट्याबाहेर बटण दाबल्यावर आत काय होतं, हे मेसेजमध्ये कधीच नसतं. अँटेनाची लांबी फ्रिक्वेन्सीशी बांधलेली असते: १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे बावन्न सेंटिमीटर, ४३५ ला सतरा. सेटबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना गुंडाळीच्या जोरावर कशीबशी जमवून घेते, पण ती ठरल्या पट्ट्यापुरतीच. बाहेर गेलात की ताकद हवेत जायच्या ऐवजी परत फिरते आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तापवते. मिनिटभर बोललं की सेटची पाठ हाताला तापलेली लागते. कधी कधी तर स्क्रीनवर आकडा झोकात दिसतो आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या सेटवर काहीच येत नाही, कारण आतल्या सर्किटला ती फ्रिक्वेन्सी पकडताच आलेली नसते.

वर हार्मोनिकचं लचांड आहेच. कुठलाही ट्रान्समीटर मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुपटी-तिपटीवरही थोडं सांडतो आणि ते अडवायला फिल्टर असतो. तो फिल्टर सेटच्या मूळ पट्ट्यासाठी बेतलेला. कोणी ३६० वर बोलू लागला तर दुप्पट होते ७२०, म्हणजे थेट मोबाईलचा ७०० चा पट्टा. मोबाईल चालत नाहीत म्हणून घेतलेली वस्तू मोबाईललाच नडायची!

‘पोलीस, विमान सगळं ऐकू येतं.’

यात तथ्याचा एक तुकडा आहे. क्वानशेंगच्या यूव्ही-के५ या सेटमधली चिप मुळातच बरीच ऐसपैस आहे आणि तो विमानांचा पट्टासुद्धा ऐकतो. पण मेसेजमधला स्वस्त सेट म्हणजे बहुतेक बाओफेंग. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, आवाज लहरीवर चढवायच्या एएम या पद्धतीने बोलतात आणि यूव्ही-५आर एफएम या दुसऱ्या पद्धतीने ऐकतो. आकडे कितीही सरकवा, एएमचं बोलणं त्यात नीट उमटत नाही. डिजिटल आणि कूटबद्ध सेटांपुढे तर फ्रिक्वेन्सी अचूक माहीत असूनही नुसती घरघर. शिवाय दुसऱ्याचा संदेश बेकायदा ऐकणं हा गुन्हाच आहे, हे ‘सगळं ऐका’ म्हणणारे सोयीस्कर विसरतात.

‘प्रायव्हसी कोड टाकला की कोणी ऐकत नाही.’

हा कोड म्हणजे बोलण्याखालून जाणारा एक बारीक सूर, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झचा. तो सूर आला तरच तुमचा स्पीकर उघडतो, एवढंच त्याचं काम. ज्याने कोड लावलेलाच नाही त्याला तुमचं सगळं बोलणं स्वच्छ ऐकू जातं. उलट त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणी बोलत असलं तर ते तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही बेधडक बटण दाबता. दार लावून घेतलं असं वाटतं, प्रत्यक्षात कानात बोळे घातलेले असतात.

‘लायसन लागत नाही.’

लागतं. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून बिनतारी सेट नुसता बाळगायलाही परवाना लागत आला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तेच. सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या चिमूटभर जागेत चालणाऱ्या, कमी ताकदीच्या आणि सरकारी मान्यता घेतलेल्या सेटांना. पाच वॅटचा सेट त्या फ्रिक्वेन्सीवर लावला म्हणून तो या सवलतीत बसत नाही. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो, हेही खरं नाही: मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या अशाच विक्रीवरून ई-कॉमर्सवाल्यांना नोटिसा काढल्या आणि पुढे नियमावलीही आणली.

‘संकटात कायदा कोण बघतो?’

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. एफएमचा स्वभाव असा, की एका फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर जोरकस तेवढा ऐकू येतो, दुसरा दबून जातो. (विमानं अजून एएमवर आहेत त्याचं हेही एक कारण सांगतात: दोघं एकदम बोलले तर निदान शिट्टीसारखा आवाज येऊन कळतं.) आता हरिपूरकडे बचाव पथकाची बोट आहे, ती काठावर काही सांगतेय, आणि काठावरच्या सेटजवळ मंडळाचा एक उत्साही कार्यकर्ता त्याच फ्रिक्वेन्सीवर ‘हॅलो, ऐकू येतंय का’ करतोय. काठावर फक्त ‘हॅलो’ पोचेल. बोटीने काही सांगितलं होतं, याचाही कोणाला पत्ता लागणार नाही.

संकटात उपयोगी पडणारे रेडिओवाले आहेत. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून निरोप बाहेर काढणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक होते, आणि ते परवानाधारक होते. बारा वर्षांच्या पोरालाही हॅमच्या परवान्याची परीक्षा देता येते. पास झालात की ‘व्हीयू’ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळख मिळते आणि १४४ ते १४६, ४३४ ते ४३८ असे पट्टे रीतसर मोकळे होतात. दोन्ही त्याच बाओफेंगच्या मूळ मर्यादेत आहेत, काही अनलॉक करायची गरजच पडत नाही. मंडळातल्या दोघा-तिघांनी आत्ताच अर्ज केला, गच्चीवर नीट अँटेना लावली आणि बॅटरी चार्ज करायला एक सोलर पॅनेल घेतलं, तर अनलॉकपेक्षा किती तरी जास्त काम होईल. हो, आणि सेटला प्लास्टिकची पिशवी: यूव्ही-५आर पाण्यात टिकत नाही.

ज्यांनी आकडे आधीच सरकवलेत, त्यांनी बदलाआधी सेटमधून उतरवून ठेवलेली मूळ फाइल परत चढवावी. मित्राच्या सेटची फाइल घेऊ नये, फर्मवेअर, म्हणजे सेटच्या आतला प्रोग्राम वेगळा असला तर सेट बंद पडू शकतो. आपली फाइलच ठेवली नसेल तर सेटच्या माहितीपुस्तकात छापलेल्या मर्यादा हाताने भराव्यात, आणि परवाना येईपर्यंत बोलायचं बटण दाबू नये.