तुला ना मला, घाल तलावात माती

समजा, तुम्ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एखाद्या शहराचे महापौर आहात. साल १९६०च्या आसपासचं. उन्हाने डांबर वितळतंय आणि शहरात पोहण्याचा झकास तलाव आहे. अर्थात, फक्त गोऱ्यांसाठी. अशात न्यायालय सांगतं, काळ्यांनाही आत घ्या. घाबरू नका. पोलिसांचे कुत्रे तर मुळीच सोडू नका, त्याचे फोटो छापून येतात (अलाबामातल्या बर्मिंगहॅमकरांना हे १९६३ साली कळलं, जरा उशिराच). निकाल शांतपणे पुन्हा वाचा. सगळ्यांना सारखं वागवा, एवढंच म्हटलंय ना? तलाव चालू ठेवा असं कुठे म्हटलंय?

मग माती मागवा.

आदर्श अलाबामातल्याच मॉन्टगोमेरी शहराचा ठेवा. बागांवरून खटला दाखल होताच तिथल्या कारभाऱ्यांनी १ जानेवारी १९५९पासून सगळ्या सार्वजनिक बागांना कुलूप ठोकलं. ओक पार्कमधला तलाव बुजवला. शेजारचं प्राणिसंग्रहालयही मोडीत काढलं. जनावरांनी कुणाच्या बाजूने अर्ज केला होता, असले प्रश्न विचारू नयेत. तत्त्वापुढे मुक्या जिवांनाही त्याग करावा लागतो. बागा उघडल्या थेट १९६५ साली. तोवर सहा वर्षांचं गोरं पोर बारा वर्षांचं झालं होतं. तलाव उघडलाच नाही.

माती यायला वेळ असेल तर ॲसिडचा मोह होईल. आवरा. १८ जून १९६४ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये काळे आणि गोरे आंदोलक मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले. मालकाने तलाव साफ करायचं ॲसिड आणलं आणि काठावरून ओतलं. आता एवढ्या पाण्यात तेवढ्याशा ॲसिडने काय होणार? एका पोहणाऱ्याला हिशोब येत होता, त्याने घोटभर पाणी पिऊनच दाखवलं. शेवटी त्यांना पकडायला पोलिसाला स्वतःलाच पाण्यात उडी मारावी लागली. फोटो जगभर गेले. आणि दुसऱ्याच दिवशी सिनेटने नागरी हक्कांचं विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केलं. ॲसिड ओतण्याआधी निदान कॅलेंडर बघत जा.

त्यापेक्षा मिसिसिपीतले जॅक्सनवाले हुशार. पाच तलाव होते, चार गोऱ्यांचे, एक काळ्यांचा. पालिकेने सगळ्यांतून अंग काढून घेतलं. कारण काय, तर सुरक्षितता आणि खर्च. (खर्च हे कारण फार सोज्वळ असतं, हाताशी ठेवा.) त्यातला एक तलाव भाड्याचा होता, तो मूळ मालकाकडे परत गेला आणि तिथे गोरे निवांत पोहत राहिले. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्कामोर्तब केलं: दोघांनाही नाही म्हणजे भेदभाव नाही.

पोहण्यावाचून कुणाचं अडतंय, असं म्हणत असाल तर व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीकडून शिका. त्यांनी १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्यांच्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. सुमारे १,७०० काळी मुलं बसली घरी.

तर, माती नीट दाबून घ्या. वर हिरवळ लावा. जुलैत तुमचा एखादा गोरा मतदार, ज्याला क्लबची फी झेपत नाही, घामाघूम पोराचं बोट धरून येईल आणि विचारेल, "साहेब, तलाव कुठे गेला?" त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगा, "त्यांच्या हाती लागू दिला नाही." तो पुढच्या वेळीही तुम्हालाच मत देईल.