वडील गेल्यावर शाळेत परतणारं लेकरू

आई किंवा वडील गेल्यावर शाळेनं लगेच समुपदेशक बोलवावा, असं एका लेखात वाचलं. पटतं, पण आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडच्या खेड्यांत समुपदेशक कुठून आणायचा? तिथे वर्गशिक्षकच सगळं. क्रियाकर्म आटोपून डोकं भादरलेलं पोरगं टोपी घालून वर्गात येतं आणि सगळे त्याच्याकडेच बघत राहतात. त्याआधीच बाईंनी वर्गाला सांगायला हवं: टोपी ओढायची नाही, खोदून विचारायचं नाही, डबा खायला त्याला सोबत घ्यायचं. याला पैसा लागत नाही हो! आणि ‘आता तूच घराचा कर्ता’ हे दहा वर्षांच्या जिवाला कुणीही म्हणू नये, फार राग येतो याचा.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. पहिल्या आखाजीला जखम पुन्हा उघडी पडते, नेमकी तेव्हा परीक्षा किंवा सुट्टी. सरांनी त्या दिवसांत घरी एक चक्कर मारावीच.

एक पालक गेला असला तरी राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे. मुख्याध्यापकांनी तो स्वतः भरून द्यावा. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.