इमिजिएट जॉइनर

नोकरी शोधणाऱ्या माणसाला सल्ला द्यायचा असेल तर आधी त्याला चहा पाजावा आणि बिल आपण भरावं, असं माझं आता ठाम मत झालंय. सल्ला काय, सगळ्यांकडे असतो आणि फुकट असतो. "पॉझिटिव्ह राहा." "लिंक्डइनवर ॲक्टिव्ह हो." "एआयचा एखादा कोर्स करून टाक." "जे होतं ते चांगल्यासाठीच." हे शेवटचं म्हणणाऱ्याची स्वतःची नोकरी नेहमी पक्की असते, बघा निरखून.

माझी गेली त्याला वर्ष होत येईल. एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पोचवून देणाऱ्या, कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघायचे. शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, न्हावा शेवा बंदराची कट-ऑफ, म्हणजे माल आणि कागद द्यायची शेवटची वेळ, आणि ती चुकायला आली की एकाच वेळी वाजणारे तीन फोन. मग डॉक्युमेंटेशनचं सगळं काम दुसऱ्या शहरातल्या सेंट्रल डेस्ककडे गेलं आणि अंधेरीच्या ऑफिसातल्या आम्हा बहुतेकींना निरोपाचा केक मिळाला. हिशेब चोख झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या सगळ्याबद्दल.

नकार आला तर त्या दिवशी जेवण जात नाही, दुसऱ्या दिवशी जातं. छळतं ते काहीच न येणं. लोअर परळला एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले होते. गेटवर फोटो काढला, आधारचा नंबर लिहून घेतला, गळ्यात व्हिजिटर पास घातला. एक राउंड, दुसरा राउंड, मग मोठे साहेब. मोठ्या साहेबांनी एचएस कोडवर (कस्टम्ससाठी प्रत्येक मालाला असतो तो नंबर) अर्धा तास मनापासून गप्पा मारल्या. "सोमवारपासून येऊ शकाल ना?" असंही विचारलं. लिफ्टपर्यंत सोडायला आलेली एचआरची मुलगी म्हणाली, "मॅम, आम्ही कळवतो." त्यानंतर मेलला उत्तर नाही, मेसेजला निळ्या टिका आल्या आणि थांबल्या. काही आठवड्यांनी तीच जाहिरात पोर्टलवर पुन्हा आली, त्याच स्पेलिंगच्या चुकीसकट.

उमेदवार दहा मिनिटं उशिरा पोचला तर तो अनप्रोफेशनल. कंपनी तीन महिने गप्प बसली तर "प्रोसेस चालू आहे". अहो, हल्ली अर्ज सांभाळायला सॉफ्टवेअर असतं. एका क्लिकमध्ये शंभर जणांना "यावेळी जमलं नाही" असा मेल जातो. तेवढीही क्लिक कोणाला जड व्हावी? माझा नियम आता साधा आहे: दोनदा आठवण करायची, मग वहीतल्या त्या नावावर काट मारायची. मनातून नाव जात नाही, पण निदान वहीतून जातं.

आणि ती "इमिजिएट जॉइनर हवा" ही अट! उद्यापासून येते म्हटलं की समोरचा सावध होतो. लगेच कशी काय येऊ शकते? रिकामी आहे का? का रिकामी आहे? म्हणजे माणूस लगेच हवा, पण कुठेतरी नोकरीत असलेला हवा. हे गणित कोणी सोडवून दाखवलं तर मी त्याला आमच्या डोंबिवलीच्या फडके रोडवर मिसळ खाऊ घालेन.

पण खरं म्हणायचंय ते वेगळंच. लांबलेल्या नोकरीशोधाच्या वैतागाला लोक मनाचा आजार समजतात आणि प्राणायाम सुचवतात. मी प्राणायाम करते, चांगला असतो. पण वैताग येतो तो दोन ठोस गोष्टी हातातून गेल्यामुळे: दिवसाचा सांगाडा आणि किरकोळ ओळखीची माणसं. त्या दोन जशा जमतील तशा परत उभ्या केल्याशिवाय नुसता श्वास धरून आणि सोडून काही होत नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियेंथाल म्हणून गाव आहे. कापड गिरणीच्या जिवावर वसलेलं. १९३०च्या आसपास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ साली छापून आला. त्यांनी काय करावं? हातात घड्याळ घेऊन रस्त्यावरची माणसं किती वेगाने चालतात, किती वेळा थांबतात ते मोजलं. पुरुष हळू चालायचे, सारखे थांबायचे, घाई कसलीच नव्हती. वाचनालयाने फी माफ केली तरी पुस्तकं नेणं कमी झालं. वेळच वेळ होता, त्यामुळे कशालाच वेळ मिळेना.

हे वाचलं तेव्हा मला मोठे काका आठवले. १८ जानेवारी १९८२ला गिरणीसंप सुरू झाला तेव्हा ते परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी गिरणीत शिरलेच नाहीत, काका त्यांतलेच. काकू सांगायची, पाळीचा भोंगा बंद झाल्यावर या माणसाला दाढी कधी करायची तेच कळेना. सकाळी पाणी गरम करून घ्यायचे, ते गार व्हायचं, परत गरम करायचे. (माझा तो लोअर परळचा इंटरव्ह्यू झाला ती काचेची इमारत जुन्या गिरणीच्याच आवारात आहे. काका असते तर त्यांना सांगितलं नसतं.)

मारियेंथालच्या बायका मात्र पुरुषांपेक्षा भरभर चालत होत्या. घरकाम कुठे बंद पडलं होतं? आमच्याकडे तेच. बाईची नोकरी गेली की घरात कोणाला फारसा धक्काही बसत नाही, थोडी सोयच होते. "तू घरीच आहेस ना?" या एका वाक्यावर माझे सुरुवातीचे महिने गेले. गॅस सिलेंडर येणारे, तू घरीच आहेस ना? टाकी धुवायला माणूस येणारे. शेजारच्या वहिनींचं पार्सल घेशील ना? सासूबाई प्रेमाने म्हणायच्या, "अगं, इतकी वर्षं धावलीस, आता जरा बस की." त्यांचा हेतू चांगलाच. पण बसायला मिळायचं कुठे? नवऱ्याची नोकरी गेली असती तर सगळ्या घराने दबक्या आवाजात बोलायला सुरुवात केली असती आणि पार्सलं त्याच्याकडे आली नसती.

म्हणून मी अभ्यासिकेत नाव घातलं. डोंबिवलीत अभ्यासिकांना तोटा नाही. महिन्याची फी भरायची. एक टेबल, वर दिवा, बाजूला प्लग आणि मोबाइल सायलेंटवर. माझ्या उजव्या हाताला सीए फायनलचा मुलगा, पाच रंगांचे हायलायटर ओळीने लावून बसणारा. डावीकडे एमपीएससीवाली मुलगी. तिने टेबलाच्या कडेला पूर्वपरीक्षेची तारीख लिहून चिकटवलीये. आधीची तारीख खोडून. पहिल्याच आठवड्यात तिने कुजबुजत विचारलं, "काकू, तुमची कुठली एक्झाम?" मी म्हटलं, "नोकरी." ती म्हणाली, "मग आमचीच."

तिथे दहा ते एक बसायचं. अर्ज, कव्हर लेटर, पाठपुरावा, जे काय असेल ते तेवढ्यात. एकनंतर अर्ज करायचा नाही, कारण दुपारी केलेले अर्ज कीव वाटावी असे होतात हे मी माझेच पाठवलेले मेल वाचून सांगते. एक वाजता डबे उघडतात, कोणाचं तरी लोणचं फिरतं, पेपर कठीण होता की फुटला होता यावर वाद होतात. घरी आता "काकू अभ्यासिकेत गेलीये" म्हटलं की सिलेंडरवाल्याला दुसरं कोणीतरी दार उघडतं. हा मानसन्मान मला नोकरीत असतानाही नव्हता.

दुसरी गोष्ट माणसांची. रोज डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी असा माझा प्रवास होता. लेडीज डब्यातला आमचा ग्रुप पंधरा-सोळा जणींचा. एक बँकेत, एक मंत्रालयात, दोघी शाळेत, एक वकिलाकडे टायपिंगला, एकीचा ब्लाउजपीसचा साइड बिझनेस. यातल्या निम्म्या जणींचं आडनाव मला माहीत नाही. पण संक्रांतीला हळदीकुंकू चालत्या गाडीत, कोणाची मुलगी कुठल्या साइडला गेली, कोणाच्या साहेबाची बदली कुठे झाली, सगळं माहीत. पास संपला, मी नवा काढला नाही, कारण जायचंच नव्हतं कुठे. आणि एका झटक्यात या सगळ्या जणी गेल्या. व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण तिथे "गाडी दहा मिनिटं लेट" या मेसेजला घरी बसून काय उत्तर द्यायचं?

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलेली गोष्ट आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचित. जवळच्यांकडून नाही, लांबच्यांकडून खबर येते. बरोबरच आहे. माझा नवरा, माझी बहीण, माझी जिवाभावाची मैत्रीण यांना जे माहीत असतं ते मलाही माहीतच असतं. २०२२ साली सुमारे दोन कोटी लिंक्डइन वापरणाऱ्यांवरच्या प्रयोगांतूनही साधारण तेच दिसलं: फार घट्टही नाही आणि अगदी परकीही नाही, अशी मधली ओळख नोकरीच्या बाबतीत सर्वात कामाची.

म्हणजे बघा काय त्रांगडं आहे. नोकरी गेली की पगार जातो हे सगळ्यांना दिसतं. पण नवी नोकरी ज्यांच्याकडून कळणार ती सैल ओळखीची माणसं त्याच दिवशी जातात, हे कोणी बोलत नाही. वर आपण मराठी माणसं! "काय चाललंय?" ला "ठीक, मजेत" म्हणणार. बारशाला जाणार नाही, लग्नाला जाणार नाही, कारण तिथे विचारतील. विचारू देत की! विचारणाऱ्यातलाच एखादा बेलापूरला गोडाऊनमध्ये मॅनेजर असतो.

मी आता महिन्यातून एखाद-दोन वेळा रिटर्न तिकीट काढून आमच्या गाडीने जाते. ठाण्यापर्यंत किंवा घाटकोपरपर्यंत, काम असो-नसो. पहिल्यांदा गेले तेव्हा बँकवाल्या मॅडमनी फोर्थ सीट सोडून मला बसवलं, स्वतः मुलुंडपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बायोडेटा दे, माझ्या दिरांच्या मित्राचं कस्टम्स क्लिअरिंगचं आहे." तिथे कायमचं काही झालं नाही. पण गर्दीच्या दिवसांत शिपिंग बिलं तपासायचं काम त्यांच्याकडून अधूनमधून येतं, पैसेही वेळेवर देतात. इतक्या पोर्टलांवर प्रोफाइल अपडेट केली, एवढं कोणी दिलं नाही.

रागाबद्दलही सांगायला हवं. तो असतोच. आणि तो नेमका इंटरव्ह्यूत बाहेर पडतो. "आधीची नोकरी का सोडलीत?" असं माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या पोराने विचारलं की आवाजाला एक धार येते. ती आपल्याला ऐकू येत नाही, समोरच्याला येते. जेम्स पेनेबेकर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अमेरिकेत कामावरून काढलेल्या अनुभवी नोकरदारांपैकी काहींना पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दल मनात असेल ते सगळं लिहायला सांगितलं. काही महिन्यांनी त्यांच्यातल्या कितीतरी जास्त जणांना नोकरी लागलेली होती. गंमत म्हणजे त्यांनी अर्ज जास्त केले नव्हते. मळमळ कागदावर सांडून झाली होती, एवढाच फरक असावा, असं माझं मत. मी एका शिपिंग लाइनने नववर्षाला दिलेल्या जुन्या डायरीत लिहिलं. त्यात काय लिहिलंय ते कोणाला दाखवण्यासारखं नाही. मोठ्या साहेबांना त्यात दोन पानं आहेत.

पैशांचं थोडक्यात. पीएफला घाईने हात लावू नका. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर साधारणपणे कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, ती मोजून बघा. ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, घरच्यांसाठी वेगळी पॉलिसी आधी बघा. ज्यांच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जायचा त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, सध्या चालू आहे का ते विचारून घ्या. अटींत बसलात तर आयुष्यात एकदा ९० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. आमच्या ऑफिसातल्या फील्डवरच्या मुलांना हे ठाऊकच नव्हतं. आणि नोकरी देतो म्हणून जो रजिस्ट्रेशन फी किंवा ट्रेनिंग डिपॉझिट मागेल त्याचा फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, लाजत बसू नका.

तर आता कामाचं. एक्स्पोर्ट-इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन, बँकेची कागदपत्रं, कस्टम्स ब्रोकरशी समन्वय, नव्या मुलांना शिकवणं, हे सगळं येतं. ठाणे, अंधेरी, बेलापूर, नेरूळ, भिवंडीही चालेल. जवळच्या सगळ्यांना विचारून झालंय, त्यामुळे ही पोस्ट खास लांबच्यांसाठी: शाळेत एका तुकडीत असलेले, जुन्या सोसायटीतले, माझ्या कझिनच्या लग्नात एकदा भेटलेले. तुमच्या भिशीतल्या कोणाच्या तरी मिस्टरांच्या ऑफिसात माणूस हवा असेल तर कळवा. स्वतः शोधत असाल तर खाली क्षेत्र आणि स्टेशन लिहा, मी आमच्या गाडीत विचारते. मंत्रालयवाली तर खूप जणांना ओळखते. माझा सीव्ही तयार आहे, इनबॉक्सला मागा. सीटीसीचं, म्हणजे पगाराचं, नंतर बोलू.