नीड नॉट आणि वाहती टाकी

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचं अपार्टमेंट. बारा घरं, एक मोटर, एक टाकी. नोटीस मराठीत लावली तर कानडी बिऱ्हाडं म्हणणार, आम्हाला काय कळतंय? कानडीत लावली तर मराठी मंडळींना लगेच १९५६ आठवतं. म्हणून घरात शांतता राहावी यासाठी आम्ही इंग्रजी वापरतो. ते कुणालाच धड येत नाही, त्यामुळे अन्याय सगळ्यांवर सारखा. सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो होतो.

मजकूर साधा होता. रात्री दहानंतर मोटर लावायला नको. मी लिहिलं, ‘मेंबर्स नीड नॉट स्टार्ट द मोटर आफ्टर टेन.’ त्याच रात्री साडेअकराला टाकी वाहिली. संपातलं सगळं पाणी पार्किंगमध्ये. (जमिनीखालच्या टाकीला आमच्याकडे संप म्हणतात. ‘संप भरलाय’ म्हटलं की पुण्याचा पाहुणा घोषणा ऐकू येतात का बघतो.) मोटर लावली होती तीन नंबरच्या काकूंच्या जावयानं. बेंगळुरूला कंपनीत असतो.

‘‘नोटीस वाचलीत ना?’’ मी विचारलं.

‘‘वाचली की. नीड नॉट म्हणजे गरज नाही. मनाई कुठं आहे? आम्हाला आंघोळीची हौस आली.’’

चूक माझी नव्हे, ‘नको’ची. ‘तू यायला नको’ यात ‘आलास नाही तरी चालेल’ही आहे आणि ‘आलास तर बघ’ही आहे; कुठलं ते आवाजावरून ओळखायचं. ‘पाहिजे’चंही तेच. चहा पाहिजे आणि गेलंच पाहिजे, दोन्हीला एकच शब्द. कानडीतली बेकु-ब्याड, म्हणजे पाहिजे-नको, ही जोडी तशीच पोटभर काम करते, म्हणून तर बाजारात आमचं कधी अडत नाही. इंग्रजांनी मात्र मस्ट नॉट आणि नीड नॉट असे दोन वेगळे डबे केले, आणि मी झाकणं बदलली.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. घरी कानडी, माझ्याशी मराठी, रागावले की इंग्रजी. त्यांनी नोटीस उतरवून घेतली आणि लाल पेननं ‘मस्ट नॉट’ केलं.

‘‘सर, हे फार कडक होतंय. काकू दिवाळीला कुंदा पाठवतात.’’

‘‘मग असं करा. हुकूम तर सोडायचा, पण आपण सोडला असं दिसायचं नाही. ‘इट इज’ लावा आणि पुढं एक विशेषण ठेवा.’’

मग त्यांनी मला विशेषणांचे भाव सांगितले. एसेन्शियल म्हणजे नाही केलंत तर पाणी बंद. अॅडव्हायजेबल म्हणजे मी सांगतोय, ऐका, पुढं तुमचं नशीब. डिझायरेबल म्हणजे जमलं तर बघा.

मला भावला तो ‘इट’. मराठीत ‘तुम्हाला बंद करावी लागेल’ म्हटलं की समोरचा विचारतो, सांगणारा तू कोण? इथं सांगणारा इट. मेंटेनन्स न भरणारा, जिन्यात कधी न भेटणारा आमचा तेरावा मेंबर. त्याच्याशी भांडणार कोण? (आमच्या घरात त्याला थारा नाही. बायको ‘गॅस संपलाय’ एवढंच म्हणते आणि मी चपला घालतो. त्यात मस्टही नाही, विशेषणही नाही.)

सरांनी लिहून दिलं, ‘इट इज एसेन्शियल दॅट द मोटर बी स्विच्ड ऑफ बाय टेन.’ तो ‘बी’ मला खटकला. एकटी मोटर, तिला इज लागतं हे मी पाचवीत शिकलोय. म्हातारपणी होतं असं, म्हणून मी बॉलपेननं गुपचूप ‘बी’चं ‘इज’ केलं. सकाळी सहाला बेल वाजली. दारात सर, डोक्याला मफलर.

‘‘इज म्हणजे मोटर बंद असतेच. मग नोटीस कशाला लावलीत? बी म्हणजे बंद असावी.’’

असावी! म्हणजे आपला विध्यर्थ की! करावा, यावा, असावी, तो शाळेतला वाख्यात. मराठीत कसा ठसठशीत ‘वा’ लागतो, आणि इंग्रजीत त्याचा हा एवढासा ‘बी’ उरलाय. माझ्यासारखा सेक्रेटरी त्याला चूक समजून खोडतो. मी सरांना चहा पाजला आणि ‘बी’ परत लावला.

टाकी वाहायची थांबली. हुरूप येऊन मी रविवारच्या मीटिंगची नोटीस स्वतःच लिहिली. माणसं दुखवायची नव्हती, म्हणून लिहिलं, ‘इट इज डिझायरेबल दॅट ऑल मेंबर्स बी प्रेझेंट.’ ‘बी’वर तर मी दोनदा पेन फिरवला.

रविवारी गच्चीवर आम्ही तिघं, त्यात एक वॉचमन. सरच आले नव्हते. खाली जाऊन त्यांची बेल वाजवली. सूनबाईंनी दार उघडलं.

‘‘मामा कपिलेश्वरला गेलेत. नोटीस वाचून खूष झाले. म्हणाले, सेक्रेटरींनी यंदा एकही चूक केली नाही, डिझायरेबलच लिहिलंय, तेव्हा मी जाऊन येतो देवळाला.’’