एका वाघासाठी सहा परके

2011 ची दिवाळी. चकलीचा डबा उघडायच्या आत समोरच्या ब्लॉकमधले बंगाली दादा हजर. धंतोलीत जन्म, मराठी आमच्यापेक्षा अस्सल नागपुरी, पण सुंदरबनचं नाव निघालं की डोळे ओले. "पाहा ना भाऊ, जगातले सात नैसर्गिक चमत्कार निवडून राहिले. जगभरातल्या शेवटच्या 28 मध्ये आपलं सुंदरबन आहे. 11 नोव्हेंबर शेवटची तारीख. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे, मत टाकून द्या."

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. 2007 मध्ये याच मंडळींनी बांधीव चमत्कार निवडले, तेव्हा ताजमहालाला मत दिल्याचा अनुभव गाठीशी होता. स्वित्झर्लंडहून चालणारी ही खासगी निवडणूक. 'आमचा हिच्याशी संबंध नाही' असं युनेस्कोनं 2007 मध्येच सांगून टाकलेलं. पण दादांचे ओले डोळे युनेस्कोनं पाहिले नव्हते.

साइट उघडली आणि पहिला फटका बसला. एकाला मत देताच येत नाही, सातच्या सात निवडावे लागतात. म्हणजे आपला एक वाघ निवडून आणायचा, तर सहा प्रतिस्पर्ध्यांनाही तेवढंच मत द्यायचं. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा इतकी उदारता नाही.

"यादी वाच," खुर्चीतून बाबा म्हणाले. मी वाचली. सगळी ऐकून घेतली आणि त्यांनी विचारलं, "लोणार काहून नाही यात?" बाबा मूळचे बुलढाण्याचे. उल्का पडून काळ्या दगडात झालेलं पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, आत खारं पाणी, जगात असं दुसरं दाखव म्हणाले. मी म्हटलं, बाबा, ते उमेदवारच नाही. "मग माझं मत कोरं." तेव्हा नोटा आलं नव्हतं, नाहीतर बाबांनी आनंदानं दाबलं असतं.

उरलेल्या सहा जागांसाठी घरात पॅनल बसलं. बायकोनं दक्षिण आफ्रिकेतला टेबल माउंटन उचलला. सपाट डोंगर, त्यावर ढग उतरला की तिथले लोक त्याला टेबलक्लॉथच म्हणतात, हे कळल्यावर ती म्हणाली, "निदान कोणीतरी टेबलावर कापड टाकतं." (रोख माझ्याकडे होता.) पोरानं अझरबैजानचे चिखलाचे ज्वालामुखी धरले. आत्याला मृत समुद्र हवा होता, कारण त्यात माणूस बुडत नाही. आत्यानं आयुष्यात अंबाझरीच्या काठाला पाय लावलेला नाही. मामा पालीला घाबरतात, म्हणून मुद्दाम इंडोनेशियातल्या अजस्र पालींच्या कोमोडोला, "शत्रू नजरेसमोर असलेला बरा." फिलिपिन्समधली जमिनीखालची नदी वाचली तेव्हा बाबा मध्येच बोलले, "खाली असून जगाला दिसते. आपली नाग नदी वर असून लोक तिला नाला म्हणतात." त्या भरात नदी पॅनलमध्ये आली. शेवटची जागा कोरियातल्या जेजू बेटाला, कारण नाव छोटं आहे आणि चकल्या संपत आल्या होत्या. अॅमेझॉनला काय, सगळं जग देईलच, असं प्रत्येकानं म्हटलं आणि कोणीच दिलं नाही.

"वाघच पाहायचा तर पेंच आहे, ताडोबा आहे," मामांनी दादांना डिवचलं.

"खारं पाणी पोहून जाणारा वाघ आहे का ताडोब्यात?" दादांनी विचारलं. मामा गप्प.

खरा छळ पुढेच होता. एका ईमेलवर एकच मत, आणि ईमेलवर आलेली लिंक दाबली तरच ते पक्कं. दादांनी अख्खी विंग गोळा करून आणली. कोणाकडेच ईमेल नाही. मी सलग तीन संध्याकाळी बारा ईमेल काढले, बारा पासवर्ड ठेवले. पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो हे सांगितलं, तर खालच्या मजल्यावरच्या काकू दुखावल्या. "तुला नाही तर कोणाला सांगू बापा?" शेवटी बाराही पासवर्ड मीच लिहून दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत ठेवले. कोणाला यादी वाचायची हौस नव्हती. बाराही जणांनी पॅनल टू पॅनल मतदान केलं. काकूंनी संत्री पाठवली, ती मी लाच समजलो नाही.

12 नोव्हेंबरला हंगामी निकाल हाती आला. क्रमवारी नव्हती, नुसती नावं होती. अॅमेझॉन, व्हिएतनामचा हालाँग उपसागर, इग्वासू धबधबा, जेजू, कोमोडो, जमिनीखालची नदी, टेबल माउंटन. मी दोनदा वाचलं. आमच्या पॅनलचे चार आले, आणि ज्याच्यासाठी पॅनल बांधलं तोच पडला.

दादा आले. चहा न घेता त्यांनी बोटांवर हिशोब केला. "बारा ईमेल, प्रत्येकी चार. म्हणजे अठ्ठेचाळीस मतं जिंकणाऱ्यांना या घरातून गेली, भाऊ."

"तुम्हीच तर आणलेत बारा माणसं," मी म्हटलं.

"कोमोडो कोणाचा होता?" त्यांनी विचारलं. मामा आत जाऊन झोपले.

दोनेक महिने दादा जिन्यात फक्त मान हलवायचे. पुढे त्याच स्विस मंडळींनी सात शहरं निवडायला काढल्याची बातमी आली. मी ती घरात मुद्दाम वाचली नाही. पण बाबांनी पेपर घडी करत विचारलंच, "ती दुधाची वही फेकली तर नाही ना रे?"