सहा इंचांचा उतार

आमच्या घरात पित्तावर औषध सांगायचा मान वयाप्रमाणे मिळतो. पहिला आईचा: रात्री भिजवलेल्या धन्या-जिऱ्याचं पाणी आणि वर मोरावळा. मग थोरल्या वहिनींचा सब्जा. मग शेजारच्या रिटायर मास्तरांचा, ते सोड्याच्या बाजूचे. दूधकट्ट्यावरच्या मंडळींचा पक्ष वेगळाच. कोल्हापुरातल्या गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध पोटात गेलं की जळजळ जागच्या जागी थांबते, असं तिथं छातीठोक सांगतात. थांबतेही. तासाभरानं ती परत येते, पण तोवर सांगणारा घरी जाऊन झोपलेला असतो.

मी या सगळ्यांचं ऐकत आलो, कुणालाच दुखावलं नाही. तक्रार फक्त पोटाची होती. बँकेतून सुटायला उशीर, मग रंकाळ्यावर मित्रांची बैठक, घरी येऊन साडेदहाला जेवण आणि अकराला पाठ टेकायची. मध्यरात्री घशाशी आंबट पाणी यायचं, ठसका लागायचा आणि मी अंथरुणात उठून बसायचो. शेजारून बायकोचं कोपर यायचं ते वेगळं. पुढं पुढं आवाजच बसला. कर्ज मागायला आलेली माणसं माझा घोगरा आवाज ऐकून अर्ज न भरताच परत जायला लागली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि मला पोटाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं दुर्बीण घालून झाली. डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅसिड रिफ्लक्स आहे, जुना आहे. गोळी लिहून दिलीय. बाकीचं सिस्टर समजावतील."

बाकीचं म्हणजे दोन-चार वाक्यं असतील, असा माझा समज. सिस्टरांची खोली वजनकाट्याच्या मागं होती. भिंतीवर पोटाचं रंगीत चित्र, टेबलावर पट्टी. सिस्टर गडहिंग्लजकडच्या असाव्यात. वय माझ्या निम्म्याच्या थोडं वर, पण मला "काका" म्हणून त्यांनी सुरुवातीलाच जागेवर बसवलं.

"मी सांगतो, तुम्ही ऐका. मग तुम्ही सांगायचं, मी ऐकतो," त्या म्हणाल्या. तोंडी परीक्षा आहे हे तेव्हाच कळलं. बायको शेजारच्या खुर्चीत सरसावून बसली.

पट्टीचं टोक चित्रावर फिरायला लागलं. पोटात दिवसाला दीड-दोन लिटर आम्लरस तयार होतो. पोटाला आतून चिकट थर असतो, म्हणून त्याचं पोटाला काही वाटत नाही. अन्ननलिकेला तसला थर नाही. दोन्हीच्या मध्ये स्नायूचं एक कडं असतं, ते घास खाली सोडतं आणि परत आवळतं. "तुमचं कडं ढिलं पडलंय. एसटीच्या मागच्या दाराची कडी असती बघा, लावलेली दिसती, पण खड्डा आला की सुटती. तुम्ही जेवून आडवं झालात की खड्डा आला." मी मान हलवली. बायकोनं माझ्यापेक्षा जास्त हलवली.

मग त्यांनी विचारलं, "गोळी आधी कधी घेत होता?"

"जळजळ झाली की."

"म्हंजे रात्री, मिसळ खाऊन झाल्यावर."

मिसळीचा उल्लेख मी केलेला नव्हता. तो बायकोनं बाहेर केस पेपर काढताना केला असणार.

सिस्टरांनी नियम घातला: गोळी सकाळी, रिकाम्या पोटी, न चावता, पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास थांबायचं आणि मग नाश्ता. पोटातले आम्लाचे पंप अन्न आलं की कामाला लागतात. गोळी त्याआधी पोचलेली असली तरच ती त्यांना धरू शकते, मागून गेली तर निम्मं काम झालेलं असतं. "आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करायची नाही. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम सोडली की आम्ल दुप्पट जोरानं उसळतं. बंद करायची तर डॉक्टर सांगतील तशी. चालू ठेवायची तरी त्यांनाच विचारून."

"आणि त्या अर्ध्या तासात चहा?" मी विचारलं.

सिस्टरांनी पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

हा अर्धा तास काय असतो ते कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही, पण इतरांसाठी सांगतो. आमच्याकडं सहाला दूध येतं, सव्वासहाला गॅसवर आलं ठेचून पडतं आणि साडेसहाला आई कप आणून माझ्यासमोर ठेवते. मी नोकरीला लागलो तेव्हापासूनचा हा शिरस्ता. गोळी आल्यावरही ती कप आणतच राहिली. "पिऊ नको, पण समोर असू दे. निवू दे," हा तिचा तोडगा. त्यामुळं रोज सकाळी मी त्या कपासमोर बसतो. आधी वाफ जाते. मग वर साय धरते, मध्यभागी सुरकुतते आणि कडेला चिकटते. शेवटी माशी येते. सातला आई तोच चहा पुन्हा गरम करून आणते. उकळून उकळून कडू झालेला तो चहा मी पितो आणि ती म्हणते, "बघ, पित्ताला चहाच कारण आहे. तोंड बघ कसं केलंयस."

सिस्टरांचा पुढचा मुद्दा पलंगाचा होता. डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच वर उचलायची, म्हणजे रात्री आम्ल खालीच राहतं. मी म्हटलं, "तीन उशा घेतो." त्या म्हणाल्या, "उशांनी मान वर जाते आणि कमरेत घडी पडते. पोट दाबलं जातं, ते आणखी वाईट. पलंगच उचला. पायांखाली ठोकळे घाला. आणि झोपायचं डाव्या कुशीवर. उजव्या कुशीवर पोटातलं सगळं त्या कड्यावर येऊन बसतं."

हे ऐकायला सोपं आहे. आमचा पलंग सागवानी, लग्नात सासऱ्यांनी दिलेला. त्याखाली ठोकळे घालायचे म्हणजे सासुरवाडीच्या वस्तूला खोट लावणं, असा बायकोचा पहिला आक्षेप. दुसरा जास्त मुद्देसूद होता: "पित्त तुम्हाला आहे. उतारावर मी का झोपू?" याला सिस्टरांकडंही उत्तर नव्हतं. शेवटी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या सुतारानं सहा इंची ठोकळे करून दिले, वर पलंगाचा पाय बसायला खोबणही कोरली. पहिल्या रात्री आम्ही दोघं झोपलो डोक्याकडं आणि उठलो पायाकडं. चादर, गोधडी, मोबाईल, चष्मा, सगळं पायथ्याशी गोळा झालेलं. धाकट्या मुलीनं सकाळी पलंगाच्या डोक्याकडून पेन्सिल सोडून बघितली आणि शाळेत जाऊन उताराचा प्रयोग म्हणून बाईंना सांगितली.

डाव्या कुशीचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. माझ्या डाव्या बाजूला बायको. म्हणजे वैद्यकीय सल्ल्यानुसार मी रात्रभर तिच्या कानात घोरणार. दोन रात्री तिनं सहन केलं, मग बाजू बदलल्या. आता माझं तोंड भिंतीकडं असतं. पंखा, खिडकी आणि दिव्याचं बटण हा भाग तिच्याकडं गेला. हा सौदा तिनं आधीच बघून ठेवला असावा, असा मला संशय आहे.

खाण्यापिण्यावर सिस्टर येतील तेव्हा तांबडा-पांढरा गेलाच, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी वेगळंच केलं. ड्रॉवरमधून चाळीस पानी वही काढली. "सगळं सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. सोडत कुणी नाही, नुसतं परत यायचं बंद करतात. प्रत्येकाला वेगळं बाधतं. काय खाल्लं, किती वाजता, आडवं कधी झाला, जळजळ कधी, एवढं लिहा."

तेव्हा मला कुठंतरी वाचलेलं आठवलं आणि मी हुशारी करायला गेलो. अमेरिकेत 1822 साली एका माणसाच्या पोटाला गोळी लागून कायमचं भोक राहिलं. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं रेशमी दोऱ्याला मांस, पाव, कोबी बांधून त्या भोकातून आत सोडलं आणि काय किती वेळात पचतं ते बघितलं. त्या माणसाला राग आला की पचनात बिघाड होतो, हेही त्यानं टिपून ठेवलं. 1833 मध्ये हे सगळं छापूनही आलं. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या पोटाला भोक नाही, म्हणून तर वही देतोय."

वही मी लिहायचो आणि बायको तपासायची, तीही लाल पेनानं. "रात्री 10:40. दोन भाकरी, पिठलं, ठेचा (थोडा)" यातल्या 'थोडा'वर काट मारून तिनं बाजूला 'वाटी' लिहिलं. "11:15 झोपलो" याच्यापुढं 'मोबाईल बघत आडवे' अशी दुरुस्ती. पण त्या वहीनं जे दाखवलं ते मला आवडलं. रविवारी दुपारी तांबडा रस्सा झाला आणि संध्याकाळी रंकाळ्याला फेरी झाली, तर रात्री काहीच नाही. साधं पिठलं, पण अकराच्या ठोक्याला पडलो, तर बारा वाजता घसा पेटलेला. एकादशीला साबुदाणा खिचडी, तळलेली बटाट्याची सळी, शेंगदाण्याचा लाडू आणि वर रिकाम्या पोटचा चहा यांनी जो धुमाकूळ घातला, तो मिसळीनंही कधी घातला नव्हता. आईला हे सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणातच नाही. उपवासानं पित्त होतं हे वाक्य आमच्या घरात उच्चारलं जाणार नाही.

सगळ्यात मोठा धक्का पुदिन्याच्या गोळीनं दिला. जेवण झालं की हॉटेलात बडीशेपेच्या वाटीत असतात त्या थंडगार गोळ्या मी मुठीनं खायचो, पचायला बरं म्हणून. सिस्टर म्हणाल्या, पुदिना त्या कड्याला आणखी सैल करतो. घशाला गार वाटतं आणि खालून दार उघडतं. चॉकलेट, कॉफी, तळकट, दारू आणि तंबाखू यांचीही नावं झाली. दारूच्या नावाला बायकोनं माझ्याकडं बघितलं, चॉकलेटच्या नावाला मी तिच्याकडं.

पोटाचा घेर कमी करा, पट्टा सैल ठेवा, हे त्यांनी चालता चालता सांगितलं आणि मीही चालता चालताच ऐकलं. पण एका ठिकाणी त्यांचा आवाज बदलला. घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरलं, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी यायचं. आणि छातीतली कळ हाताकडं, जबड्याकडं गेली, घाम फुटला, तर पित्त म्हणून सोडा पीत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं. "पित्तच असेल म्हणत घरी बसलेली माणसं आम्ही उशिरा बघतो," एवढंच त्या बोलल्या. शेजारच्या मास्तरांना मी हे त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं.

मग आली तोंडी परीक्षा. "सांगा काका, गोळी कधी?" बरोबर आलं. "पलंग किती इंच?" बरोबर. "जेवण आणि झोप यांत किती अंतर?" मी म्हटलं, "एक तास." बायको म्हणाली, "तीन." सिस्टरांनी तिला शाबासकी दिली आणि मला पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणायला लावलं. बाहेर रांगेतली माणसं दाराशी येऊन ऐकत होती.

तीन तासांच्या या नियमानं माझं सामाजिक आयुष्य उलटंपालटं केलंय. आठला जेवायचं तर रंकाळ्यावरच्या बैठकीला आधीच जेवून जावं लागतं. तिथं भेळ खाणाऱ्यांच्या तोंडाकडं बघत मी गरम पाण्याची बाटली घेऊन बसतो. मित्रांनी आधी मधुमेह ठरवला, मग घरात भांडण ठरवलं. लग्नाच्या रिसेप्शनला नवरा-नवरी स्टेजवर यायच्या आत मी मंडपामागं आचाऱ्यांच्या पंक्तीला बसून मोकळा होतो. परवा एका आचाऱ्यानं मला "कुणाकडचे तुम्ही?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत माझ्या हातात वाढायला डाव दिला. मी तीन पंगती वाढल्या. जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही, उभं राहायचं, हा नियम तेवढा चांगला पाळला गेला.

आवाज परत आलाय. कर्जाचे अर्जही यायला लागलेत.

गेल्या महिन्यात इचलकरंजीचे साडू मुक्कामाला आले. पाहुण्यांना आमचा पलंग द्यायची रीत आहे, आम्ही खाली गाद्या घातल्या. सकाळी ते पायथ्याशी गोळा झालेल्या गोधडीतून बाहेर आले आणि म्हणाले, "दाजी, वर्षभरात अशी झोप लागली नाही. रात्री एकदाही उठलो नाही. खोलीत काय हवा वेगळी आहे का?" बायकोनं त्यांना हाताला धरून पलंगाच्या पायाशी नेलं आणि खाली वाकून ठोकळे दाखवले. मग त्यांच्यापुढं सिस्टरांचा सगळा धडा पट्टीसकट म्हणून दाखवला. पट्टी मुलीची होती. शेवटी तिनं त्यांना उलट विचारूनही घेतलं. साडूंनी गोळीची वेळ चुकवली.

दुपारी मी त्यांना घेऊन सुताराकडं गेलो. एक जोड पाहिजे म्हटल्यावर त्यानं कशाला म्हणून विचारलंच नाही. हातातला रंधा न थांबवता कोपऱ्याकडं मान केली. तिथं फळीवर खोबणी कोरलेले ठोकळे ओळीनं मांडून ठेवले होते.

"सहा इंची का आठ इंची ते बगून घ्या साहेब," तो म्हणाला. "लगीनसराई तोंडावर आलीया, दहा जोड जादाच करून ठेवल्यात."