अर्थ कळतो, पण नेमका कोणता?

नमस्कार,

ऑफिसच्या पत्रव्यवहारात गल्लत होणाऱ्या इंग्रजी शब्दांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही एवढं सविस्तर कळवलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: समोरच्याला संदर्भावरून अर्थ कळतोच, उरलंसुरलं सॉफ्टवेअर बघून घेतं, आणि असल्या याद्या मराठी माध्यमातून आलेल्यांना उगाच कमी लेखतात.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण तो मला मनापासून पटतो. 'इट्स'मधल्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीवरून कुणाची हुशारी जोखणं हा अन्यायच आहे. इंग्रजी मातृभाषा असलेलेही तिथे सर्रास चुकतात आणि त्याने कुणाचं काही अडत नाही. 'कॉम्प्लिमेंट'मध्ये आय की ई, याचंही तेच. अशा चुकांवरून ऑफिसात कुणाला कुणी हसत असेल, तर मी तुमच्या बाजूने आहे.

'अर्थ कळतोच' हे मात्र मला मान्य नाही. अर्थ कळला नाही तर माणूस फोन करून विचारतो. भलताच अर्थ कळला, तर कुणीच काही विचारत नाही.

'एन्शुअर' आणि 'इन्शुअर' घ्या. 'वुई विल इन्शुअर द शिपमेंट' असं लिहून गेलं, की विमा तुम्ही उतरवणार असं गिऱ्हाईक धरून चालतं. लिहिणाऱ्याला 'माल नीट पोचेल हे आम्ही बघू' एवढंच म्हणायचं होतं. वाटेत मालाची मोडतोड होईपर्यंत दोघांनाही पत्ता लागत नाही. आणि स्पेलचेक इथे लाल रेघ कशाच्या जोरावर उमटवणार? शब्द शब्दकोशात आहे, वाक्य व्याकरणात बसतं. नवी साधनं संदर्भही बघतात, पण तुमच्या मनात विमा होता की नव्हता, हे त्यांना वाक्यावरून कळणार कसं?

एका अक्षराचं प्रकरण तर न्यायालयात गेलेलं आहे. २००९ मध्ये ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाने 'टेलर अँड सन' ही कंपनी गुंडाळण्याचा आदेश कार्डिफच्या 'टेलर अँड सन्स' या शंभरी ओलांडलेल्या कंपनीच्या नावावर चढवला. चूक लवकरच दुरुस्त झाली, पण तोवर बातमी पसरली होती. पुरवठादारांनी उधारी बंद केली आणि कंपनी बुडाली. २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरलं. 'सन' आणि 'सन्स', दोन्ही स्पेलिंगं बिनचूक!

मराठीत विचार करणाऱ्यांकडून हमखास होणारी गल्लत 'बाय' आणि 'टिल'ची. आपल्या 'पर्यंत'मध्ये दोन्ही मावतात: 'शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे'. मराठीत बाकीचं वाक्य ते निभावून नेतं. इंग्रजीत पहिल्याला बाय लागतो, दुसऱ्याला टिल. 'सेंड युअर कमेंट्स टिल फ्रायडे' वाचणाऱ्याला वाटतं, शुक्रवार उजाडेपर्यंत सुचेल तसं पाठवत राहायचं. मराठी पक्की असलेल्या माणसाकडूनच ही चूक होते, त्यात कमीपणा कसला? पण मुदत हुकली की भुर्दंड पडतोच, म्हणून ती सांगायला हवी.

'रिव्हर्ट'चंही तसंच. आपल्याकडे त्याचा अर्थ 'उत्तर द्या'. दुसऱ्या देशातल्या प्रोग्रामरला 'प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंजेस' असं लिहिलं, तर तो केलेले बदल मागे घेऊन मोकळा होईल.

काही शब्दांबाबत तर चूक कुणाचीच नसते. 'बायवीकली'चे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ शब्दकोशातच आहेत. एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटिश माणसासाठी तो चर्चेला घेणं, अमेरिकन माणसासाठी बाजूला ठेवणं. हे शब्द मी वापरतच नाही. सरळ वार आणि तारीख लिहिते.

तुम्ही यादी काढून टाकायला सांगितलंत. ती राहील, पण तुमच्या म्हणण्यावरून पुढच्या भागाचा क्रम बदलते आहे. पैसे, मुदत आणि जबाबदारी यांना हात घालणारे शब्द वर, निव्वळ स्पेलिंगच्या जोड्या अगदी शेवटी. तुमच्या कामात अशा एखाद्या शब्दाने घोळ झाला असेल तर जरूर कळवा, त्याला वरच्या भागात जागा देते.